बंबापासून पंपापर्यंत : ऊन पाण्याची कहाणी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखादा तरी इतिहासविषयक लेख असावा, असा संपादिका-भगिनींचा आग्रह असतो. इतिहास म्हटला की किल्ले, लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. यंदा मी जो विषय घेतला आहे तो मात्र न्हाणीघरातला आहे. अंघोळीचे पाणी आपण कशावर तापवीत आलो, आणि यापुढे कशावर तापवावे, एवढाच तो विषय. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल. पण या एका घंगाळभर पाण्यामागे जंगले आहेत, कायदे आहेत, आगगाडी आहे, वीज आहे आणि सर्वांत मुख्य म्हणजे पहाटे उठणाऱ्या बायका आहेत.

थंड देशांत हा प्रश्न निराळ्या रूपाने येतो. तेथे आधी घराच्या खोल्या उबदार ठेवाव्या लागतात. लाकडाचा बॉयलर बसवावा की विजेवर चालणारा 'हीट पंप', म्हणजे उष्णता-पंप बसवावा, यावर तिकडे घराघरांत खल चालतो. जर्मनीत तर २०२३ साली घर तापविण्याच्या कायद्यावरून मोठे राजकीय वादळ उठले होते. आपल्या ठाण्यास किंवा कल्याणास खोली तापविण्याची गरजच नाही. उलट वर्षाचे आठ महिने ती थंड कशी ठेवावी याचीच विवंचना. तथापि ऊन पाण्यावाचून आपले चालत नाही. दिवाळीचे अभ्यंगस्नान, बाळंतिणीचे आणि तान्ह्या बाळाचे न्हाणे, पावसात भिजून आलेल्या माणसाची अंघोळ, म्हाताऱ्यांचे दुखरे सांधे, या सर्वांना ऊन पाणी हवेच. म्हणून तिकडचा बॉयलर आणि पंप यांचा वाद आपल्याकडे न्हाणीघरात येऊन ठेपतो.

आपल्या भागात पाणी तापविण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे चूल. चुलीच्या वैलावर हंडा चढवून ठेवला की स्वयंपाकाच्या विस्तवावरच पाणी तापत असे. मोठ्या घरांतून न्हाणीत किंवा परसदारी वेगळे चुलवण असे. त्यावर काळे ठिक्कर पडलेले तपेले कायमचे बसलेले असावयाचे. लाकूड मात्र आकाशातून पडत नसे. ते मुरबाड, शहापूरच्या जंगलांतून आणि गावालगतच्या डोंगरांतून येई. ठाकूर, कातकरी, वारली बायका डोक्यावर मोळी घेऊन कोसच्या कोस चालत बाजारात येत. आपल्या अंघोळीच्या पाण्याचा इतिहास लिहावयाचा तर त्याचे पहिले पान या मोळीवालीच्या नावाने उघडले पाहिजे.

इंग्रजी अमलात या मोळीवर सरकारची नजर पडली. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यातील पुष्कळ रान राखीव झाले. भाताच्या रोपासाठी राब भाजावयाला लागणारी पाने-डहाळ्या असोत की सरपण असो, पूर्वी ज्या गोष्टी रयत सहज आणीत असे त्यांवर बंधने आली. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत त्याविरुद्ध इतका असंतोष माजला की, मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी एक कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली आला. सरपण हा केवळ घरगुती प्रश्न आहे असे जे समजतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. चुलीत काय जळावयाचे हे पुष्कळदा चुलीपासून फार दूर ठरते.

दुसरीकडे लाकडाला गिऱ्हाईक वाढत होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढल्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, ती कल्याणपर्यंत पोहोचली. खाडीतून गलबतांनी आणि आता रुळांवरूनही आपल्या जिल्ह्याचा माल मुंबईकडे जाऊ लागला. कातकऱ्यांच्या हाती पूर्वी खैराच्या काताचा धंदा होता. पुढे त्यांतील कित्येक कुटुंबे कोळसा पाडण्याच्या भट्ट्यांवर राबू लागली. गावोगाव लाकडाच्या वखारी उभ्या राहिल्या. वखारीतून लाकूड तोलून आणावयाचे, ते फोडून घ्यावयाचे, पावसाळ्यापूर्वी माळ्यावर रचून ठेवावयाचे, हा मध्यमवर्गीय घरांचा वार्षिक क्रम बनला. मृगापूर्वी ज्या घरात लाकडे रचून झाली नाहीत, त्या घरच्या बाईला पुढचे चार महिने डोळे चोळीत फुंकणी फुंकावी लागे.

याच काळात आपल्या न्हाणीघरांत बंब स्थिरावला. आजच्या मुलींना 'बंब' म्हटल्यावर आग विझविणाऱ्यांची गाडीच आठवते. या दोन बंबांचे नाते शब्दापुरते खरेच जवळचे आहे. पोर्तुगीज भाषेत पंपाला 'बोंबा' म्हणतात, आणि आपला 'बंब' या शब्दाशी जोडला जातो. यात नवल वाटावयास नको. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती, आणि ठाणे मराठ्यांनी त्यांच्याकडून १७३७ साली घेतले. दोनशे वर्षांच्या शेजारात पाव, बटाटा, चावी असे किती तरी शब्द आपल्या घरांत येऊन राहिले.

तांब्याचा बंब ही मोठी हुशारीची वस्तू होती. मध्यभागी विस्तवाची उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि जाळीखाली राख. नरसाळ्यातून थंड पाणी ओतावे आणि तोटीतून ऊन पाणी घ्यावे. चुलीवरच्या हंड्याला जाळ केवळ बुडाशी लागतो आणि पुष्कळसा इकडेतिकडे जातो. बंबात विस्तव पाण्याच्या पोटातच असतो. त्यामुळे थोड्या जळणात अधिक पाणी तापते. शिवाय वखारीतले चांगले लाकूडच हवे असेही नाही. नारळाच्या शेंड्या, करवंट्या, सुताराकडच्या ढलप्या, गोवरीचा तुकडा, रद्दी कागद, सारे काही त्याला चालते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हे बंब हाताने ठोकून तयार होत. त्या आळीचा ठोक्यांचा नाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना एका बंबामागे किती हातोडे पडत याची कल्पना येईल. ज्यांना तांबे परवडत नसे ते लोखंडी पत्र्याचा बंब घेत.

बंबाची ही स्तुती वाचून कोणास वाटेल की, जुने ते सोने. पण इतिहास लिहिताना हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बंब पेटविणारी व्यक्ती घरात सर्वांच्या आधी उठे आणि तिची अंघोळ बहुधा सर्वांच्या शेवटी, उरल्यासुरल्या कोमट पाण्यात होई. विहिरीचे पाणी शेंदणे, कळशीने बंब भरणे, विस्तव धरेपर्यंत धूर खाणे, राख काढणे, आठवड्यातून एकदा चिंच आणि राख लावून तांबे लखलखीत करणे, ही सारी कामे तिचीच. बंबात पाणी आहे की नाही हे न पाहता विस्तव घातला तर डाख सुटून बंब गळू लागे आणि मग बोलणी खावी लागत तीही तिलाच. मंडळातील वयोवृद्ध भगिनींना मी या लेखाच्या निमित्ताने विचारले. बंबाच्या पाण्याला एक वेगळीच ऊब होती असे सर्वांनी सांगितले. मग बंब पुन्हा घरात आणाल काय, असे विचारताच एकही 'हो' म्हणाली नाही. या दोन्ही उत्तरांना मी सारखाच मान देते.

वीज आपल्या भागात आली ती आधी रुळांवर. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यास विजेची पहिली गाडी धावली. पुढे रेल्वेसाठी ठाकुर्लीजवळ चोळे येथे १९२९ च्या सुमारास कोळशावर चालणारे मोठे वीजगृह उभे राहिले. गाड्या विजेवर धावू लागल्या, तरी त्या गाड्यांनी कचेरीस जाणाऱ्या कित्येकांच्या अंघोळीचे पाणी लाकडावरच तापत राहिले. हे वीजगृह आता केव्हाच बंद झाले आहे. पण डोंबिवलीकरांच्या जुन्या पिढीला त्याची धुरांडी चांगलीच आठवतात.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत जागा मिळेनाशी झाली आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण या गावांत चाळी उठू लागल्या. चाळीच्या दोन खोल्यांत बंबाला जागा नव्हती आणि धुराला वाट नव्हती. मग कोळशाची शेगडी, भुशाची शेगडी आणि वातीचा किंवा पंप मारावयाचा स्टोव्ह आला. रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन तासन् तास उभे राहणे हे त्या वेळच्या गृहिणीचे नवे सरपण गोळा करणेच होते. १९५५ साली मुंबईत 'बर्शेन' नावाने सिलिंडरचा गॅस मिळू लागला. तथापि आपल्या गावांतील सामान्य घरांपर्यंत तो यावयास बराच काळ लागला आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. वीज घरोघर पोहोचली, तसा बादलीत सोडावयाचा विजेचा हीटर आला, आणि नंतर भिंतीवरचा गीझर. 'गीझर' हे नाव मुळात आइसलँडातील उकळत्या पाण्याच्या एका कारंज्याचे आहे. त्या यंत्राचा पहिला अवतार १८६८ साली लंडनमध्ये गॅसवर चालणारा होता.

गॅसच्या गीझराविषयी येथे एक सावधगिरीची सूचना केल्यावाचून राहवत नाही. न्हाणीघर बंद आणि खिडकी लहान असेल, तर जळणासाठी लागणारा प्राणवायू अपुरा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीस गेलेले माणूस बेशुद्ध पडते आणि बाहेर कोणास पत्ताही लागत नाही. हे यंत्र न्हाणीघराच्या आत बसवूच नये. हवा खेळती असेल अशा जागी, उघड्यावर बसवावे आणि नळाने पाणी आत घ्यावे. बंबाचा धूर निदान डोळ्यांत पाणी आणून सावध तरी करीत असे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या दोन्ही शहरांनी एक अभिमानास्पद पाऊल टाकले. ठाणे महापालिकेने आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेने नव्या इमारतींवर सौर पाणीतापकाची अट घातली. कल्याण-डोंबिवलीत २००७ पासून ही अट कसोशीने पाळली जाऊ लागली आणि त्या कामाचे राज्याबाहेरही कौतुक झाले. सूर्याचे जळण फुकट आणि धूरही नाही. पण अडचणी आल्याच. मृगापासून हस्तापर्यंत आपल्याकडे सूर्यनारायणाचे दर्शन दुर्लभ. बोअरिंगच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात. वरून खालपर्यंत नळातले गार पाणी वाहून जाईपर्यंत बादलीभर पाणी वाया जाते. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की, इमारत पाच मजल्यांची असो वा तीस मजल्यांची, गच्ची तेवढीच राहते. घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींत एका गच्चीने किती घरांना ऊन पाणी पुरवावे?

येथे उष्णता-पंप पुढे येतो. नाव नवे वाटले तरी कल्पना जुनी आहे. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांनी १८५२ साली ती शास्त्रीय रीतीने मांडली. त्यानंतर चार-पाच वर्षांत पेटर फॉन रिटिंगर या ऑस्ट्रियन अभियंत्याने एबेन्झे येथील मिठागरात तसले यंत्र चालवून पाहिले. खारे पाणी आटविण्यास लागणारे लाकूड वाचविणे हाच त्याचा हेतू होता. म्हणजे लाकूड आणि पंप यांची ही तुलना पहिल्या दिवसापासूनची आहे. १९३८ साली झुरिकच्या नगरभवनात नदीच्या थंडगार पाण्यातून उष्णता घेऊन इमारत तापविणारा पंप बसला. युद्ध तोंडावर आलेले, कोळसा परदेशातून आणावयाचा, अशा वेळी त्या लहानशा देशाने हा मार्ग शोधला.

हे यंत्र चालते कसे? आपल्या घरातल्या फ्रीजच्या मागे हात लावून पाहावा. तो ऊन लागतो. फ्रीज आतल्या पदार्थांतील उष्णता काढून मागे बाहेर टाकतो. उष्णता-पंप हेच काम उलट उपयोगासाठी करतो. बाहेरच्या हवेतील उष्णता एका वायूच्या साहाय्याने घेतो, तो वायू दाबून अधिक तापवितो आणि ती उष्णता टाकीतल्या पाण्याला देतो. गीझर विजेची उष्णता करतो. पंप विजेचा उपयोग केवळ हमालीसाठी करतो आणि उष्णता हवेतून फुकट आणतो. म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्यास मिळू शकते. युरोपात कडाक्याच्या थंडीत हवा गारठली की पंपाची शक्ती घटते. आपल्या कोकणपट्टीची हवा थंडीतही उबदार असते. तेव्हा या यंत्राला आपले हवामान युरोपाहून अधिक मानवते.

आता भगिनींना हिशेब हवा असेल. पाच माणसांच्या घरात रोज १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवावयाचे आहे असे धरू. त्याला २००० किलोकॅलरी उष्णता लागते. गीझरला त्यासाठी, थोडी गळती धरून, अडीच युनिट वीज पुरते. म्हणजे महिन्याला ७५ युनिट. पंपाने तेच काम २५ युनिटांच्या आसपास होते. महावितरणचे दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातात हे ध्यानात घेतले, तर वाचलेल्या ५० युनिटांचे मोल अधिकच वाढते. बंबास याच पाण्यासाठी, जळणातील चाळीस टक्के उष्णता पाण्यास लागली असे धरले तरी, रोज दीड किलोच्या आसपास सुके लाकूड लागेल. वर्षाला सुमारे साडेपाचशे किलो. एका घरापुरते हे फार वाटणार नाही, पण आपल्या शहरांतल्या लाखो घरांनी तेवढे मागितले तर मुरबाड-शहापूरचे रान किती दिवस पुरावे?

विजेसाठी तरी कोळसाच जळतो, मग लाभ काय, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेच्या शंभर भागांतून पस्तीसच्या आसपास भाग विजेत उतरतात. गीझर ते पस्तीस भागच आपल्याला देतो. पंप मात्र त्याचे पुन्हा शंभर करतो, म्हणजे कोळशाची वाया गेलेली उष्णता जणू हवेतून वसूल करून देतो. आणि जसजशी वीज सूर्यावर आणि वाऱ्यावर अधिक होत जाईल, तसतसा हा हिशेब आणखी सुधारेल.

तरीही पंपाचे दोष झाकू नयेत. तो गीझराहून पुष्कळच महाग पडतो. त्याला मोठी टाकी आणि मोकळ्या हवेची जागा लागते. तो आवाज करतो, तेव्हा कोणाच्या शयनगृहाच्या खिडकीशी तो बसवू नये. बिघडला तर जाणता कारागीर हवा. वीज गेली की तोही थांबतो. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे कल्याण-डोंबिवलीकर विसरलेले नाहीत. टाकीतले पाणी काही तास ऊन राहते, एवढाच दिलासा. दोन माणसांच्या बिऱ्हाडात, जेथे दोन बादल्या पाणी पुरते, तेथे स्वतंत्र पंप घेणे म्हणजे चिमणीसाठी पिंजरा सोन्याचा करणे. एका मजल्यास किंवा सबंध इमारतीस मिळून तो बसविला, तरच त्याचा खर्च अंगावर येत नाही.

आज आपल्या शहरांत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची लाट आहे. आमच्या सोसायटीतही त्याच्या सभा चालू आहेत. वाहनतळ, लिफ्ट आणि चटईक्षेत्र यांवर तास-तास चर्चा होते. ऊन पाण्याचा मुद्दा आम्ही काही बायकांनी मांडला तेव्हा, "ते शेवटी बघू, तो घरगुती प्रश्न आहे," असे उत्तर मिळाले. सरपणाच्या घरगुती प्रश्नापायी एकदा सरकारला कमिशन नेमावे लागले होते, हे वर सांगितलेच आहे. माझे सांगणे एवढेच की, बांधकामाचे नकाशे मंजूर होण्यापूर्वीच हे ठरले पाहिजे. टाकीला जागा, उष्णतारोधक आवरणाचे नळ, पंपासाठी सज्जा, देखभालीचा वार्षिक करार, या गोष्टी मागाहून होत नाहीत. गच्ची मोठी आणि मजले थोडे असतील तर सौर तापक आणि पावसाळ्यासाठी जोडीला छोटा पंप, हा उत्तम मार्ग. मजले पुष्कळ असतील तर गच्चीवर सौर वीज आणि पाण्यासाठी सामाईक पंप. समितीत स्त्रियांसाठी जागा राखीव असतात. त्या केवळ सहीसाठी नसतात.

आणखी एक गोष्ट सांगून लेख आवरता घेते. लाकूड आपल्या घरातून गेले म्हणून ते जगातून गेलेले नाही. आपल्याकडे कामास येणाऱ्या कित्येक बायकांच्या घरी पहाटे आजही तीन दगडांवर पाणी तापते. येऊरच्या पाड्यांवर काय, मुरबाडच्या वाड्यांवर काय, मोळी अजून डोक्यावरून उतरलेली नाही. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅस पोहोचविला. पण सिलिंडर महाग वाटला की तो स्वयंपाकापुरता राखला जातो आणि अंघोळीचे पाणी पुन्हा लाकडावर जाते. त्या धुराने फुप्फुसे आणि डोळे खराब होतात ते बायकांचे आणि त्यांच्या कडेवरच्या मुलांचे. बंब आणि पंप यांतून निवड करण्याचे भाग्य आपल्याला लाभले आहे. ज्यांना ते लाभलेले नाही, त्यांच्यासाठी एखाद्या पाड्यावर सामाईक सौर तापक बसविण्याचे काम मंडळाने येत्या वर्षी हाती घ्यावे, अशी माझी सर्व सभासद-भगिनींना विनंती आहे. वर्गणीच्या यादीत पहिले नाव माझे लिहावे.